प्रोकोफिएव्हचा फ्लूट सोनाटा: वरचा डी चिरकतो

सहा महिने रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचा डी मेजर सोनाटा (फ्लूट आणि पियानोची रचना, ओपस ९४) घेऊन बसले आहे. पहिल्या भागाची सुरुवात फार गोड आहे, ती जमते. पण पुढे तो अगदी वरचा डी हा स्वर आला की सूर चिरकतो. काल ओठ इतके आवळले की रात्री जेवताना दुखत होते. शिवाय साथीला बसणारा मित्र म्हणतो, हा मुळात व्हायोलिनचाच. खरं का?

प्रतिसाद १:
नाही हो ताई, फ्लूटसाठीच लिहिलाय, ऐन महायुद्धात. १९४३च्या डिसेंबरात मॉस्कोत पहिल्यांदा वाजला, पियानोवर नामवंत वादक रिख्टर. व्हायोलिनवादक ऑइस्त्राखच्या आग्रहामुळे व्हायोलिनचं रूप नंतर झालं.

प्रतिसाद २:
ओठ आवळू नका, तिथेच सूर कोंडतो. फुंकरीचा झोत बारीक पण वेगवान असू द्या, जोर पोटातून. आधी त्याच्या खालचे ए, बी, सी हे स्वर एकेका श्वासात लांब धरा, मग डीला हात घाला. दिवसाला दहा मिनिटं पुरे, दुखलं की थांबा.

मूळ प्रश्नकर्ती:
आज तसंच केलं. चौथ्या खेपेला डी स्वच्छ लागला, अंगावर काटा आला! मित्रालाही रिख्टरचं सांगितलं.