मोठ्या डिरेक्टरी-ट्रीसाठी नुसत्या आयनोटिफायवर विसंबू नका

लाखो फाइल्समधले बदल टिपायचे म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: आयनोटिफाय (फाइल बदलली की प्रोग्रॅमला कळवणारी लिनक्सची सोय) लावा, पोलिंग (ठरावीक वेळाने स्वतःच तपासत राहणं) सोडा. मला तो धोक्याचा वाटतो. आयनोटिफाय आतल्या डिरेक्टरींमध्ये आपोआप उतरत नाही, प्रत्येकीला वेगळा वॉच (लक्ष ठेवायची नोंद) लागतो. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) वॉचची मूळ मर्यादा ८१९२. ती वाढवता येते, पण खरी गोची पुढे आहे. कुणी मोठा टारबॉल (अनेक फाइल्सचा एकत्र गठ्ठा) उघडला, नवी डिरेक्टरी बनली. तिचा इव्हेंट (बदलाची सूचना) वाचून आपण वॉच लावेपर्यंत आत फाइल्स पडलेल्याही असतात, आणि त्यांची खबर कधीच येत नाही. म्हणून ठरावीक वेळाने स्कॅन हवाच.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. स्कॅन म्हणजे प्रत्येक फाइलवर स्टॅट (फाइलची माहिती विचारणारा कॉल). कॅशे थंड असेल, म्हणजे ती माहिती मेमरीत आधीच नसेल, तर डिस्क नुसती घासत बसते. डिरेक्टरीचा एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) बघून न बदललेल्या फांद्या गाळाव्यात तर तेही जमत नाही, कारण असलेल्या फाइलचा मजकूर बदलला तरी डिरेक्टरीचा एमटाइम तसाच राहतो. तुमच्या टारबॉलवर उपाय सोपा आहे: आधी वॉच लावा, मग डिरेक्टरी वाचा. एखादी फाइल दोनदा दिसेल, सुटणार नाही.

प्रतिसाद २: हजारो वॉच लावताच कशाला? कर्नल ४.२० पासून फॅनोटिफायने (लिनक्सचीच दुसरी अशी सोय) अख्ख्या फाइलसिस्टिमवर एकच मार्क (वॉचसारखीच नोंद) लावता येतो, आणि ५.१ पासून फाइल बनणं, पुसणं, हलवणंही कळतं. मात्र रूटचे (सिस्टिमच्या मुख्य प्रशासकाचे) अधिकार लागतात.

धागाकर्ता: "वॉच लावून मग वाचा" हा स्कॅनच झाला की, फक्त छोटा. आणि इव्हेंटची रांग भरली तर? आयनोटिफाय 'ओव्हरफ्लो' एवढंच सांगतं, काय हुकलं ते नाही. मॅकवरची अशीच सोय, एफएसइव्हेंट्ससुद्धा, अशा वेळी "ही शाखा पुन्हा तपासा" असा फ्लॅग देतं. एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या फाइलसिस्टिमवर) दुसऱ्या मशीनने केलेला बदल तर आयनोटिफायला दिसतच नाही.

प्रतिसाद १: एनएफएसपुरतं मान्य, तिथे पोलिंगच. पण लोकल डिस्कवर ओव्हरफ्लो झाला तरच स्कॅन करा, आणि आपला प्रोग्रॅम बंद पडून पुन्हा उठला की एकदा. एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइलसिस्टिमवर) चेंज जर्नल (झालेल्या बदलांची नोंदवही) असल्याने बहुतेकदा तेवढंही लागत नाही, मागच्या नोंदीपासून पुढे वाचता येतं. घड्याळ लावून लाखो फाइल्स चाळण्याचं कारण मला अजून दिसलेलं नाही.