ग्रेनोबलला सहकुटुंब नोकरीसाठी: घर, शाळा आणि बायकोचं काम

मुळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात चिप डिझाइनमध्ये आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळ क्रोलला कायमस्वरूपी कराराची नोकरी मिळते आहे, व्हिसा 'टॅलेंट' म्हणजे कुशल नोकरदारांसाठीच्या प्रकारचा. बायको शाळेत गणित शिकवते, मुलगी साडेचार वर्षांची. आम्ही शाकाहारी आहोत. घर कुठे बघावं, मुलीच्या शाळेचं काय, आणि बायकोला तिथे काम मिळेल का? जायचं की नाही, हे तिसऱ्या प्रश्नावरच ठरणार आहे.

इझेरकाठ:
अभिनंदन! मग तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

टॅलेंट व्हिसावाल्याच्या जोडीदाराला 'टॅलेंट कुटुंब' परवाना मिळतो आणि त्यावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी भाषेची आहे. तुमच्या ऑफिसात मीटिंगा इंग्रजीत होतील, पण डॉक्टर, बँक, शाळेतली नोटीस, शेजारी, सगळं फ्रेंचमध्ये. पॅरिसमध्ये इंग्रजीवर थोडंफार निभावतं, इथे नाही. तुम्ही दिवसभर ऑफिसात असाल आणि या सगळ्याशी गाठ पडेल ती ताईंची.

सरकारी शाळेत कायम शिक्षक व्हायला स्पर्धापरीक्षा आणि युरोपीय नागरिकत्व लागतं. कंत्राटी शिक्षकाला मात्र नागरिकत्वाची अट नाही, आणि गणिताचे शिक्षक इथे सतत कमी पडतात. पदवीची तुल्यता परदेशी पदव्या तपासणाऱ्या 'एनिक-नारिक' केंद्राकडून करून घ्यावी लागेल आणि वर्गात उभं राहण्याइतकी फ्रेंच यायला हवी. ती काही महिन्यांत येत नाही, दीड-दोन वर्षं नेटाने द्यावी लागतात. इथल्या विद्यापीठाचं क्युएफ हे फ्रेंच शिकवणारं केंद्र चांगलं आहे. पण ताईंनी पुण्यातच आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत नाव घालावं, आजच. आणि दोघांनी शिका. २०२६ पासून दहा वर्षांच्या रहिवासी कार्डाला फ्रेंचची बी१ (मध्यम) आणि नागरिकत्वाला त्यावरची बी२ पातळी लागते, म्हणजे फ्रेंच तुम्हालाही चुकणार नाही.

ताईंना नोकरी सोडायला लावून, फ्रेंचची तयारी न करता आणणार असाल तर येऊ नका, असंच मी म्हणेन.

बास्तीय_चढणारा:
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आता घराचं.

घरमालक शेवटच्या तीन पगारपत्रकांची मागणी करतात आणि पगार भाड्याच्या तिप्पट असावा अशी अपेक्षा धरतात. नव्याने आलेल्याकडे पगारपत्रकं कुठून असणार? म्हणून सही झालेला करार पुढे करा, 'दोसिए फासिल' या सरकारी साइटवर फाइल तयार ठेवा, आणि 'व्हिझाल' ही भाड्याची फुकट हमी तुम्हाला लागू होते का ते आधी तपासा. कंपनी महिना-दोन महिने तात्पुरतं घर देत असेल तर मागून घ्या. घर न बघता, करार न करता कुणालाही एक युरो पाठवू नका.

फर्निचरसकट घराला अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांची आणि सोडताना एक महिन्याची नोटीस. रिकाम्या घराला अनामत एक महिना; नोटीस एरवी तीन महिन्यांची, पण ग्रेनोबलसारख्या घरटंचाईच्या भागात एकाच महिन्याची. ताबा घेताना जी पाहणी लिहून होते तिच्यात भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा नोंदवून घ्या, अनामत परत मिळणं त्यावरच ठरतं.

क्रोलला ट्राम नाही, एक्सप्रेस बस आहे. तरी मी शहरातच राहा म्हणेन: इल व्हेर्त या भागात किंवा ट्रामच्या कडेला कुठेही. शहर सपाट आहे, सायकलवर सगळं होतं. बस-ट्रामच्या पासाचे निम्मे पैसे कंपनी देते. वरच्या मजल्यावरचं, दक्षिणेकडे तोंड असलेलं घर टाळा. डोंगरांच्या मधल्या या खोऱ्यात जुलैत हवा कोंडते आणि घरात एसी नसतो.

कणीक_मळा:
शाळेचं सोपं आहे. तीन वर्षांपासून शाळा सक्तीची, सरकारी शाळा फुकट. नगरपालिकेत नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते, म्हणून आधी घर. मेनिंगोकोकससारख्या (मेंदूज्वराच्या) काही लशी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्या इथले डॉक्टर देतील.

कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण कायद्यानेच असतं. बाकी दिवशी 'मांसाविना' निवडलंत तरी ताटात मासे येऊ शकतात, हे नाव नोंदवतानाच स्पष्ट विचारा.

किराण्याची काळजी नको. साँ-ब्रुनोच्या बाजारात कोथिंबीर, पुदिना, मिरच्या मिळतात, मसूर डाळ सुपरमार्केटमध्येही असते. पोळीसाठी टी१५० हे कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ साध्या मैद्यात थोडं मिसळून बघा. गोडा मसाला मात्र घरूनच आणा.

मुळाकाठ:
मनापासून आभार. बायकोने हे सगळं वाचलं आणि आलियाँसच्या पुढच्या बॅचची चौकशीही केली. एक राहिलं: इथून कोणती कागदपत्रं करून आणू? आणि कंपनीकडे दुसरा पर्यायही आहे, पुण्याच्या शाखेतून प्रतिनियुक्तीवर पाठवायचा. तो बरा का?

इझेरकाठ:
तिघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला, सगळ्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरायला लागणारा सरकारी शिक्का. जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं हवीतच. आपल्या पिढीच्या दाखल्यांत बरेचदा बाळाच्या नावाची जागा कोरी असते. तुमचा तसा असेल तर आधी महापालिकेत नाव चढवून घ्या, याला वेळ लागतो. फ्रेंच भाषांतर इथल्या कोर्टमान्य भाषांतरकाराकडून करा. आरोग्य विम्याचा कायमचा क्रमांक याच दाखल्यांवर मिळतो. आल्यावर व्हिशावर काय लिहिलंय ते बघा: तो परवान्याचंही काम करणारा असेल तर तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करा, नाहीतर परवान्यासाठी मुदतीत अर्ज करा.

प्रतिनियुक्तीत २०११ पासून लागू असलेल्या भारत-फ्रान्स सामाजिक सुरक्षा करारामुळे पीएफ भारतातच चालू राहतो, पाच वर्षांपर्यंत. पण मग फ्रेंच पेन्शनमध्ये तुमची वर्षं जमा होत नाहीत, आणि परवान्याचा प्रकारही बदलतो. त्या परवान्यावर ताईंना काम करता येईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. त्याशिवाय सही करू नका.