रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची आहे, ८ जीबीच्या डेस्कटॉपवर सुरुवात कशी करू?

ऐरोलीकर:
घरचा डेस्कटॉप: आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. सी ड्राइव्ह १२० जीबीची एसएसडी (३० जीबी मोकळी), डी ड्राइव्ह १ टीबी हार्ड डिस्क. पायथॉन येते, सी कॉलेजात झाली. रस्टअपने (रस्टचा इन्स्टॉलर) रस्ट बसवली, पण पहिलाच प्रोग्राम 'लिंकर लिंक डॉट ईएक्सई नॉट फाउंड' म्हणून थांबतो. काय राहिलं? आणि सगळं डी वर टाकू का?

वर्तकनगर:
रस्ट नीट बसली आहे, लिंकर राहिलाय. कंपायलर कोडचे तुकडे तयार करतो. ते जोडून ईएक्सई बनवतो मायक्रोसॉफ्टचा लिंकर, आणि तो रस्टसोबत येत नाही. 'व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स'चा इन्स्टॉलर उतरवा, 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस' निवडा. उजवीकडच्या यादीत दोनच टिका ठेवा: एमएसव्हीसीची एक्स६४/एक्स८६ बिल्ड टूल्स आणि विंडोज एसडीके. बाकीच्या काढा, जागा वाचेल. व्हीएस कोड असला तरी भागत नाही, तो नुसता एडिटर. नावं सारखी असल्यामुळे घोटाळा इथेच होतो. रस्ट पुन्हा बसवू नका, लिंकर ती स्वतः शोधते.

मग 'कार्गो न्यू सराव' (कार्गो म्हणजे रस्टसोबत येणारं, प्रोजेक्ट बनवणारं आणि बिल्ड करणारं साधन; नाव इंग्रजी अक्षरांत), आणि व्हीएस कोडमध्ये तोच 'सराव' फोल्डर उघडा, ज्यात कार्गो डॉट टोमल आहे. दोन-तीन पातळ्या वरचा फोल्डर उघडलात तर रस्ट-ॲनालायझरला (व्हीएस कोडमध्ये रस्टच्या चुका दाखवणारं एक्स्टेंशन) प्रोजेक्ट सापडत नाही.

घणसोली से. ७:
सी ची जागा वाचवायची तर रस्टअप_होम आणि कार्गो_होम ही दोन एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स डी वरच्या फोल्डरला लावा, मग रस्ट नव्याने बसवा.

वर्तकनगर:
जमतं, पण हार्ड डिस्कवर नको. बिल्ड करताना असंख्य बारीक फाइल्स वाचल्या-लिहिल्या जातात, डिस्क तिथेच रखडते. ३० जीबी पुरेत. त्यापेक्षा फोटो आणि सिनेमे डी वर हलवा. जागा खातो तो प्रत्येक प्रोजेक्टमधला 'टार्गेट' फोल्डर; काम झालं की 'कार्गो क्लीन'.

खारेगाव:
८ जीबीत खरी ओढाताण रॅमची. रस्ट-ॲनालायझर आणि ब्राउझर दोघंही भुकेले, म्हणून टॅब मोजकेच ठेवा. लिहिताना दर वेळी बिल्ड करू नका, 'कार्गो चेक' करा: चुका बहुतेक त्याच दाखवतो, पण ईएक्सई बनवत नाही, त्यामुळे बराच लवकर होतो. मोठ्या लायब्ररीला मशीन गुदमरली तर 'कार्गो बिल्ड -जे २'. ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीला रॅम घ्यायला जाल तेव्हा जुनी काडी सोबत न्या, डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते.

पायथॉनवाल्यांना हमखास अडवणाऱ्या तीन जागा सांगतो. इनपुट वाचणारी 'रीड_लाइन' ओळीच्या शेवटचं एंटरही ठेवते, विंडोजवर तर दोन कॅरेक्टर. 'ट्रिम'ने ते न काढता 'पार्स' केलंत (मजकुराचा आकडा केलात) तर आकडा बरोबर असूनही एरर येतो. दुसरं, स्ट्रिंग दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की मालकी तिकडे जाते. जुनं नाव वापरलंत की ई०३८२ हा एरर. 'रस्टसी --एक्स्प्लेन ई०३८२' उदाहरणासकट समजावते, नेटही लागत नाही. सुरुवातीला 'क्लोन' (प्रत) केलंत तरी चालेल, पण आधी '&' लावून उसनं देता येतं का ते बघा. रस्टची सगळी गंमत तिथे आहे.

तिसरं मराठीचं. 'ठाणे'चं 'लेन' १२ येतं, कारण ते बाइट मोजतं. 'चार्स'ने मोजलं तर ४, कारण काना आणि मात्रा वेगळे. पहिल्या ३ बाइटांचा तुकडा घेतला तर नुसता 'ठ' हाती येतो. १ बाइटचा घेतला तर प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे मध्येच बंद पडतो. दिसणारी २ अक्षरं हवीत तर 'युनिकोड-सेगमेंटेशन' क्रेट (रस्टची लायब्ररी).

ऐरोलीकर:
दोन टिका केल्या, चाललं! मनापासून आभार. आता दुसऱ्यांदा रन करताना 'ॲक्सेस इज डिनाइड, ओएस एरर ५' येतंय.

वर्तकनगर:
आधीचा प्रोग्राम दुसऱ्या टर्मिनलमध्ये इनपुटची वाट बघत उभा असेल. चालू ईएक्सई विंडोज पुसू देत नाही. तिथे कंट्रोल-सी दाबा, मग रन करा.