नोकरी-घर सांभाळून दुसऱ्यासाठी वेळ कसा काढता? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

पूर्वभागातली
काल माळा आवरताना कॉलेजातली एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) डायरी सापडली. दोन वर्षांत 240 तास भरायचे असायचे, वर सात दिवसांचं शिबिर. आमचं मोहोळकडच्या एका खेड्यात झालं होतं, शोषखड्डे खणून हाताला फोड आले होते, रात्री शाळेच्या वर्गात भाकरी आणि शेंगाचटणी. वेळ कुठून आणायचा हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. मग नोकरी, सासर, पोरं, आणि आपल्याकडं पाणी येतं त्या दिवशी तर दुसरं काही सुचतच नाही. मधली कितीतरी वर्षं तशीच गेली.

आता एका अंध मुलीसाठी बी.ए.ची पुस्तकं मोबाईलवर वाचून पाठवते. घरामागं कापड विणायचे लूम आहेत, खटखट चालू असली की रेकॉर्डिंग होत नाही, मग लूमला सुट्टी असेल त्या रात्री पोरं झोपली की बसते. इतिहास सरळ वाचता येतो, पण भूगोलाचा नकाशा वाचायचा कसा? ते तिनंच शिकवलं. उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवायचा, अंगठ्याकडं कोकण, करंगळीकडं विदर्भ, आपलं सोलापूर मनगटाजवळ. आता मी सगळं तसंच सांगते, "अंगठ्याच्या मुळापासून थोडं आत ये". तिचा परत फोन येतो, पुढचा धडा कधी? त्या फोनमुळंच वेळ निघतो बघा. तुमचं सांगा.

चिंचोळी_शिफ्ट
शिफ्टवाल्याला रविवार नसतो ताई. मी प्लेटलेट देतो, म्हणजे रक्त गोठायला लागतात त्या पेशी. पूर्ण रक्त आम्हा पुरुषांना तीन महिन्यांतून एकदाच देता येतं, प्लेटलेटला दोन दिवसांचं अंतर पुरतं, वर्षात 24 वेळापर्यंत चालतं. पण काढल्यावर पाचच दिवस टिकतात त्यामुळं भरपूर साठवून ठेवलं असं होत नाही, फोन आला की जायचं, डेंग्यूच्या दिवसात तर फोन येतोच येतो. मशीनवर तास-दीड तास जातो, हातातला बॉल दाबत पडायचं. नाईट करून थेट जायचं नाही, झोप झालेली पाहिजे, तिथं विचारतात. सुपरवायझरला आधीच सांगून ठेवलंय, तो शिफ्ट बदलून देतो, त्याच्या भावाला एकदा लागल्या होत्या म्हणून त्याला कळतं.

कडकभाकरी
दादा तुमचा ग्रुप कुठला? बहिणीच्या पोराला थॅलेसेमिया आहे, दर दोन-तीन आठवड्याला रक्त चढवावं लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, ऊन 43-44, लई हाल होतात हो. 15 ऑगस्टला सगळे देतात. मे मध्ये द्या कुणीतरी.

चिंचोळी_शिफ्ट
बी पॉझिटिव्ह. मे मध्ये सांगा, येतो की.

कडकभाकरी
त्याचा पण बी पॉझिटिव्हच!! इनबॉक्स बघा दादा 🙏

विडीवाल्यांची_लेक
आमच्या गल्लीतल्या बायका दिवसभर विड्या वळतात, त्यांना सही आणि पासबुक वाचायला शिकवते. वर्ग भरवून बघितला, कुणी आलंच नाही, येणार कसं, हात थांबला की पैसे थांबले. मग मीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, आणि मी समोर पाटीवर मोठ्ठं लिहायचं, त्या वर बघून बोलतात आणि बोटं आपली चालूच. आकडे शिकवायला गेले तर एक आज्जी म्हणाल्या पंचवीसचा पाढा मीच तुला सांगते. कट्ट्यात पंचवीस विड्या, हजार विड्यांचे चाळीस कट्टे, हिशोब सगळा तोंडात, फक्त कागदावरचा ओळखू येत नव्हता. परवा त्यांनी मजुरीच्या वहीतली चूक स्वतः दाखवली. मी ऑफिसातून घरी जाताना वाटेतच बसते, वेगळा वेळ काढत नाही, घरी जाऊन चप्पल काढली की परत निघणं होत नाही.

सातरस्ता
वाचून अंगावर काटा आला ताई. आज्जींना नमस्कार.
मला दहावीच्या अंध मुलासाठी पेपर लिहायला जायचं होतं, पण लेखनिकाचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी लागतं, मी ग्रॅज्युएट. मग नववीतली लेक गेली. आधी चार रविवार त्याच्याबरोबर सराव केला, त्याच्या बोलण्याचा वेग, स्वल्पविराम कुठं म्हणतो, भूमितीची आकृती तो कशी सांगतो. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. मी रजा टाकून बाहेर डबा घेऊन बसले, ते पण कुणीतरी करायलाच पाहिजे.

शिलाई_नवीपेठ
गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हा मशीन रस्त्यावर काढतो. सगळे जेवण, केळी, चहा देतात, चांगलंच आहे, पण शेगावपासून चालून आलेल्या माणसाच्या पिशवीचा बंद तुटलेला असतो, छत्री उसवलेली असते, ते त्याला सांगायला कुणी भेटत नाही. शेजारी चपला शिवणारे मामा बसतात, पलीकडं सलूनवाला दाढ्या करतो. धंदा बंद ठेवतो एक दिवस, गिऱ्हाईकाला माहीत आहे, ते पण त्या दिवशी कापड आणत नाहीत. जाड दोऱ्याची एक रीळ एका मावशींनी दिली होती.

गड्डा_लव्हर
मामा मशीन पायाची का मोटरची? रस्त्यावर करंट कुठून घेता?

शिलाई_नवीपेठ
पायाची. वडिलांची आहे.

जुळे_सोलापूर_02
मी काहीच करू शकत नाही. सासूबाई अंथरुणाला आहेत, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात. पण वाचते सगळं.

विडीवाल्यांची_लेक
ताई हे काही कमी आहे का!

पूर्वभागातली
खरंच. जेवता का वेळेवर? झोप होते का?

सातरस्ता
जुळे सोलापूर ताई, एअर बेड आहे का? नसेल तर भाड्यानं पण मिळतो, मी आईसाठी आणला होता. आणि मी तुमच्या जवळच, आसरा चौकात राहते. शनिवारी दुपारी ऑफिस नसतं, सासूबाईंजवळ मी बसते, कूस बदलायला येतं मला. तुम्ही जरा बाजारात जाऊन या, नुसतं मोकळं फिरून या.

जुळे_सोलापूर_02
काय बोलू कळंना. त्यांना कन्नड जास्त समजतं, चालेल?

सातरस्ता
सोप्पं, माझं माहेर अक्कलकोट 😄

कडकभाकरी
अक्कलकोटला कुठं हो? माझी आत्या तिकडंच.

पूर्वभागातली
बी.ए. दुसऱ्या वर्षाचं अर्थशास्त्र कुणाकडं आहे का? नवीन अभ्यासक्रमाचं पाहिजे, लूम परवा बंद आहेत.