पहिली आरसी गाडी: नायट्रो की इलेक्ट्रिक?

खटपट्या:

१/१० मापाची, माती-गवतात पळणारी रेडिओ कंट्रोल गाडी घ्यायचं घाटतंय. खेळण्यातल्या गाड्या सोडल्या तर अनुभव शून्य. पण पाना हातात घ्यायची खोड आहे, मोटरसायकलचा कार्ब्युरेटर मी स्वतःच खोलून साफ करतो. त्यामुळे मन नायट्रोकडे, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या गाडीकडे धावतंय. खरं इंजिन, खरा धूर, खरा आवाज. बायकोच्या मते नेमकी हीच तीन कारणं ती न घेण्याची आहेत.

सोबत बारा वर्षांचा भाचा चालवणार. राहतो तिसऱ्या मजल्यावर, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. नायट्रो नवशिक्याला खरंच जड जाते का? आणि इलेक्ट्रिक घेतली तर "चार्ज करा, पळवा, ठेवून द्या" एवढंच उरून कंटाळा येईल का?

निळाधूर:

माझा जीव कशात अडकलाय ते टोपणनावावरून कळलंच असेल. दोन्ही प्रकारच्या गाड्या बाळगतो. तरी सांगतो, पहिली इलेक्ट्रिकच घ्या.

आधी तुमच्या कार्ब्युरेटरच्या अनुभवाबद्दल, कारण फसगत तिथेच होते. मोटरसायकलमध्ये प्लग ठरलेल्या क्षणी ठिणगी देतो. इथे ठिणगीच नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला इग्नायटर (प्लगला वीज देणारी छोटी बॅटरी) लावून लाल करायची. इंजिन धरलं की इग्नायटर काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातली प्रक्रिया आणि सिलिंडरमधली उष्णता यांच्या जोरावर तार लालच राहते. म्हणजे टायमिंग असं वेगळं जुळवता येत नाही. मिश्रण बदललं, प्लग बदलला, हवा दमट झाली की तेही सरकतं. सकाळी बसवलेली सुई, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू, दुपारी पुन्हा हलवावी लागते.

त्यात हे टू-स्ट्रोक, वंगणाचं तेल इंधनातच. हाय-स्पीड सुई आवळून मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) केलं की गाडी झकास पळते, पण त्याच वेळी इंजिनाला तेलही कमी मिळत असतं. तापमान वर आणि वंगण खाली, दोन्ही एकदमच. कानाला सगळ्यात गोड लागतं तेव्हाच पिस्टनची वाट लागत असते. मफलरमधून निळसर धुराची रेघ निघत राहिलीच पाहिजे. मला ती रेघ बघायला आवडतं, पण बारा वर्षांच्या मुलाला रेघ बघायची नसते, गाडी पळवायची असते.

ब्रेक-इनचंही, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचंही तेच. या इंजिनांची स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे नव्या, थंड इंजिनात पिस्टन वर जाऊन अडकतो. सिलिंडरचं डोकं आधी गरम करून मगच सुरू करायची दोरी ओढायची. पहिल्या काही टाक्या मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवून, हळू, मध्ये मध्ये थंड होऊ देत. दिवस संपला की टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि आत आफ्टर-रन तेल सोडायचं. मिथेनॉल ओलावा ओढतं, कंटाळा करून तसंच ठेवलं तर बेअरिंग गंजतात.

आणि एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. बहुतेक नायट्रो गाड्यांना रिव्हर्स नसतो. नाक झुडपात घुसलं की चालत जाऊन काढा. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळ झुडपातच असते.

चिखल्या:

निळाधूर, तुम्ही नायट्रोला जरा जास्तच बदनाम केलंत. टाकी भरायला अर्धं मिनिट लागतं, की पुन्हा गाडी तयार. बॅटरी संपली की तासभर गवतावर बसा. आणि खटपट्यांना खटपट हवीच आहे! कुणीतरी अनुभवी माणूस पहिले दोन रविवार सोबत असेल तर सुई जुळवणं येतं. मात्र रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करणारी सोय) बसवल्याशिवाय आणि दर वेळी तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. सिग्नल गेला आणि थ्रॉटल उघडा राहिला तर ती गाडी थांबवायला कुणी नसतं.

निळाधूर:

"अनुभवी माणूस सोबत असेल तर" हीच तर मेख आहे. तो असेल तर मीही नायट्रोला हरकत घेणार नाही. त्यांच्या लिहिण्यात तो कुठे दिसला नाही. आणि तासभर कशाला बसायचं? दोन बॅटऱ्या न्यायच्या.

तिसऱ्या मजल्याचाही विचार करा. हे इंधन विषारी आहे आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. कॅन ठेवायचा कुठे, तेही भाचा घरात असताना? आवाजाबद्दल तर तुमच्या घरातूनच निकाल आलाय.

कंटाळ्याचं उत्तर मात्र राहिलं. तयार गाडी घेऊ नका, किट घ्या. तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२ घेतलीत तर डिफरन्शियलपासून शॉकपर्यंत सगळं तुम्ही दोघांनी जोडायचं. ती मुळात रस्त्यावर पळणारी आहे, मातीसाठी त्यांचंच एखादं बग्गीचं किट बघा. पिनियन आणि स्पर या मोटरकडच्या दोन दातेरी चाकांमध्ये फट किती ठेवायची, शॉकमध्ये तेल किती दाट घालायचं, यात तुमचा हात रंगेल. आणि काही मोडलं तर कुठला स्क्रू कुठे ते भाच्याला पाठ असेल. मोडणार तर आहेच. आधी सस्पेन्शनचा आर्म, मग सर्व्होचे (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचे) दाते. दोन्ही जादा आणून ठेवा.

मोटर सुरुवातीला साधी ब्रश्ड (कार्बन ब्रशची) ५४० मापाची घ्या. बिनब्रशच्या, जास्त वेगवान ब्रशलेस मोटरने भाचा पहिल्या वळणालाच कुंपण गाठेल. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, ते बोटांत उतरेपर्यंत वेग कमीच बरा.

खटपट्या:

पटलं, किटचं तर फारच. पण लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घरात पेट घेते असं ऐकलंय. म्हणजे इंधनाचा कॅन टाळून बॉम्ब आणायचा का?

निळाधूर:

नियम पाळले तर नाही. एवढी धास्ती असेल तर पहिला पॅक ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड घ्या. वजनाला जड आणि धावताना हळूहळू ढेपाळणारा, पण चुका बऱ्याच पोटात घालतो.

लिपोच घ्यायचा तर टणक कवचाचा २एस, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या दोन सेलचा. नाव ७.४ व्होल्ट, पूर्ण भरला की ८.४. चार्जर बॅलन्सचा (दोन्ही सेल सारखे भरणारा) हवा, आणि करंट १सी, म्हणजे ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. आगरोधक पिशवीत, फरशीवर, आपण जागे आणि समोर असताना. भरलेला पॅक कपाटात ठेवू नका. चार्जरवर स्टोरेज मोड असतो, तो सेलला साधारण ३.८ व्होल्टवर आणून सोडतो. फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यीचं सेटिंगही बघा. त्यात बॅटरीचा प्रकार लिपो निवडलेला असला पाहिजे, नाहीतर तो वेळेवर मोटरचा पुरवठा तोडत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन खराब होतो.

चिखल्या:

सगळं खरं. माझी एक भर: आधी रिमोट सुरू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हे काम भाच्याकडे सोपवा. आणि सहा महिन्यांनी नायट्रोची हुक्की आलीच तर मला विचारा, त्यांना नको.