सायकलवरून किल्ले: गड चढायचा की पायथ्याची गावं फिरायची?

उतारचढाव

रविवारी पहाटे अर्धं सायकल-पुणं सिंहगडाच्या दिशेने निघतं. गोळेवाडीपासून आठ-नऊ किलोमीटरचा घाट, वर कांदाभजी, मटक्यातलं दही, किती मिनिटांत चढलो त्याचा स्क्रीनशॉट, आणि नवाच्या आत घरी. व्यायाम म्हणून उत्तम. पण त्यातल्या कितीजणांनी गडाचा कल्याण दरवाजा पाहिलाय, हे एकदा विचारून बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन दिवसांची सायकलसहल काढायची असेल तर गडावर चढूच नये. गडाच्या घेऱ्यातली गावं फिरावीत.

मला आवडणारा रस्ता असा: कोंढव्यातून बोपदेव घाट, भिवरी, चांबळी, सासवड. वाकडी वाट करायची तयारी असेल तर सोनोरी, मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव. मल्हारगड १७५७ ते १७६० दरम्यान बांधला गेला, महाराष्ट्रातल्या अगदी शेवटच्या किल्ल्यांपैकी एक. तो बांधणारे पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. त्यांची गढी खाली सोनोरीत आहे, आणि गडावर जाणारे बहुतेक लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. सासवडला संगमेश्वर, सोपानदेवांची समाधी, पुरंदरे वाडा. मग नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वराचं देऊळ, केतकावळ्यावरून उतरून कापूरहोळला सातारा रस्ता ओलांडायचा आणि भोरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबवडे. तिथे ओढ्यावरचा झुलता पूल आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालांची समाधी आहे. आणखी पुढे कारीला जेध्यांचा वाडा.

या सगळ्यात पुरंदर उजव्या-डाव्या हाताला सतत दिसत राहतो. वर जात नाही. गडावरच्या शिबंदीला धान्य, गवत, दूध, बातमी, माणूस सगळं खालूनच जायचं. गड चालवणारी माणसं जिथे राहायची ती गावं अजून नांदती आहेत, आणि सायकलच्या वेगाने ती बघता येतात. गाडीने फर्रकन निघून जातात, पायी गेलं तर दिवसाला एकच होतं.

आणि व्यवहाराची बाजू. पन्नास किलोमीटर पायडल मारून आल्यावर गड चढायला फार त्रास होत नाही. त्रास उतरताना होतो. मांड्या आधीच संपलेल्या, पायात क्लीटचे (पायडलला अडकणारे, चालायला अवघड) बूट, आणि खाली सायकल कोणाच्या भरवशावर ठेवलीय ते डोक्यात.

बोला.

दगडफूल

पूर्ण असहमत. आणि हे सगळं इतकं गोड लिहिलंय म्हणून जास्तच.

गावं बघा, कोण नको म्हणतंय? पण गड 'चढूच नये' हा हट्ट कशाला? पायथ्याला जाऊन गडावर न जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परतणं. तेही चालतं म्हणतात, पण ज्याला आत जाणं शक्यच नाही त्याच्यासाठी.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पुणे जिल्ह्यातले तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. त्यांची निवड 'मराठा लष्करी भूदृश्यं' म्हणून झाली. म्हणजे डोंगराचा, दरीचा आणि वाटेचा लष्करी वापर कसा केला, याला तो मान मिळालाय. हे भूदृश्य राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या चहाच्या टपरीवरून दिसतं का? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहा. समोर तोरणा, तिकडे सिंहगड, तिकडे पुरंदर, हवा स्वच्छ असेल तर आणखी पुष्कळ. पंचवीसएक वर्षं राजधानी इथेच का राहिली, ते कोणी न सांगता कळतं. तीन बाजूंना तीन माच्या कशा काढल्यात ते वरूनच कळतं. खालून राजगड म्हणजे एक डोंगर, एवढंच.

पुरंदरचं तर तुम्ही नाव घेऊन बाजूने निघून गेलात. संभाजी महाराजांचा जन्म तिथला, १६५७. मुरारबाजी तिथे पडले, १६६५. त्याच वर्षी तह. आणि माचीपर्यंत पक्का रस्ता आहे, क्लीटचे बूट असले तरी काही बिघडत नाही! लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि पाचच्या आत खाली या. एवढंच.

साडेतेरातास

तुम्ही दोघंही सायकल चालवण्याबद्दल काही बोलतच नाही आहात. एकाला वाडे, एकाला बुरुज.

नावावरून ओळखलं असेलच, मी ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्यांतला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात चहासुद्धा मोजून प्यायचा. त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. दर पाच किलोमीटरला देऊळ बघायला थांबलं की अंग थंड पडतं, आणि मग नारायणपूरच्या अलीकडचा साधा चढही भिंत वाटतो. मला विचाराल तर पहिल्या दिवशी फक्त चालवा. खडकवासला, डोणजे, खानापूर, रांजणे, पाबे घाट, वेल्हे. संपूर्ण रस्ताभर आधी सिंहगड, मग तोरणा आणि राजगड तुमच्याशी लपाछपी खेळतात. पाबे घाट लांबीने छोटा पण उभा आहे. पुढे पायडलपाशी ३४ दात्यांचं चेनरिंग (दातेरी चक्र) आणि मागच्या चाकावर निदान ३२-३४ दात्यांपर्यंतचा कॅसेट (चक्रांचा संच) नसेल तर सामानासकट उतरून ढकलावी लागेल.

आणि ब्रेक. लोक चढाची काळजी करतात, उताराची नाही. पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या पिशव्यांत) दहा किलो सामान आणि रिम ब्रेकचे झिजलेले रबर घेऊन वेल्ह्याच्या बाजूला उतरू नका. सतत दाबून ठेवला तर रिम तापते. वळणाआधी दाबा, वळणात सोडा.

उतारचढाव

@दगडफूल, पुरंदरचा मुद्दा मान्य, तिथे सायकल वरपर्यंत जाते. तसंच भुलेश्वर. दौलतमंगळ किल्ल्यावरचं देऊळ, रस्ता थेट दारापर्यंत. अशा ठिकाणी माझी हरकत नाही. राजगडाला आहे. गुंजवण्याकडून चढणारी चोरदरवाज्याची वाट सायकलने आलेल्या माणसासाठी नाही. तुम्ही राजगडाला एस्टीने किंवा गाडीने जा, अख्खा दिवस द्या. त्या गडाला तेवढा दिवस द्यायलाच हवा. उरलेल्या तीन तासांत उरकायचा तो गड नव्हे.

@साडेतेरातास, अंग थंड पडलं तर पडू दे की. पुन्हा तापतं.

हिरडसमावळ

मी भोरकडचा. नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार गावी. दोन शब्द आमच्या बाजूने.

ताई, तुम्ही 'नांदती गावं' लिहिलंत ते बरोबर, पण मग तिथे माणसं राहतात हेही लक्षात ठेवा. वाडा जुना असला तरी तो कोणाचं तरी घर आहे. हेल्मेट घालून सरळ चौकात शिरणारे आणि म्हातारीचा फोटो काढणारे पाहिलेत मी. दारात उभं राहून हाक मारा. आत या म्हटलं तर जा, चहाही मिळेल.

दुसरं. वीस-वीसजणांची टोळी येते. बाटल्या भरून घेते, बिस्किटाची गोळी म्हणावी तसलं काहीतरी खिशातून काढून खाते आणि जाते. गावात दहा रुपये पडत नाहीत. एक दिवस आधी फोन केलात तर कोणीही घरगुती जेवण करून देईल. ऐनवेळी वीसजणांच्या भाकरी कोण थापणार?

तिसरं, पावसाळ्याबद्दल. तुम्हा लोकांना हिरवळ हवी असते म्हणून जुलैत येता. तेव्हा आमची भातलावणी चालू असते. ट्रॅक्टर खाचरातून निघून डांबरावर येतो, चाकाचा चिखल रस्त्यावर पसरतो. बारीक टायरची सायकल त्यावरून गेली की आडवी. नोव्हेंबर-डिसेंबरला या. भात कापून झालेलं असतं, हवा थंड, किल्ले स्वच्छ दिसतात.

वरंध घाटाकडे मात्र पावसात फिरकू नका, दरडी येतात, रस्ता बंदही ठेवतात.

जुनाबाजार

तुमची चेनरिंगं आणि कॅसेट वाचून गंमत वाटली. आम्ही कॉलेजात असताना एका गिअरच्या काळ्या सायकलवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचो, सायकल झाडाला टेकवायचो आणि पायवाटेने वर. म्हणजे दगडफूलचा पक्ष आम्ही फार पूर्वीच चालवलाय. कुलूपही नसायचं.

आता गुडघे नाहीत, म्हणून ई-सायकल घेतलीय. २५० वॉटची मोटर, ताशी २५ च्या वर मदत करत नाही, लायसन्स-नंबरप्लेट लागत नाही. बोपदेव चढताना घाम येतोच, फक्त जीव जात नाही. भोरला मुक्कामी रात्रभर चार्जिंगला लावता येते. त्यामुळे ताईंचा रस्ता मला पटला. चढ मोटरवर टाकायचा आणि शिल्लक राहिलेली ताकद गावात चालायला.

दगडफूल

काका, आदर ठेवून सांगतो, मोटर लावली की ती सहल स्कूटरची.

जुनाबाजार

स्कूटरला पायडल मारावं लागत नाही. तुम्ही साठीला या, मग बोलू.

सावलीशोध

वाचत होते, एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. आम्ही बायका बायकाच जातो. आमच्यासाठी 'गड की गाव' हा प्रश्न स्वच्छतागृहावर सुटतो. गावात एखाद्या घरी विचारता येतं, देवस्थान असेल तर तिथे सोय असते. नारायणपूर, केतकावळे, बनेश्वर, सगळीकडे आहे. गडाच्या वाटेवर नाही. शिवाय सायकली खाली सोडून सगळ्यांनी वर जायचं आणि अंधार पडायच्या आत उतरायचं, हा हिशोब फार जिवाला लागतो. मी उतारचढावच्या बाजूने, पण कारण इतिहासाचं नाही.

बाकी युरोपातले फोटो टाकून 'आपल्याकडे असे मार्ग का नाहीत' म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. फ्रान्समधला ल्वार नदीकाठचा सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे आणि नदीकाठाने असल्याने बराचसा सपाट. तिथले बरेच राजवाडे नदीखोऱ्यातच आहेत. आपले किल्ले हजार-बाराशे मीटर उंचीवर मुद्दाम बसवलेत, कोणी सहज येऊ नये म्हणून. त्यामुळे तुलना करायची तर ती जपून. आपल्याला हव्या आहेत त्या साध्या गोष्टी: घाटाच्या वळणावर कडेला दीड मीटर डांबर आणि कापूरहोळला महामार्ग सुखरूप ओलांडता येईल अशी जागा.

साडेतेरातास

कापूरहोळचं अगदी खरं. आणि पुण्यातून कात्रजमार्गे जाणार असाल तर नव्या बोगद्याच्या नादाला लागू नका. जुन्या घाटातून शिंदेवाडीला उतरा, पुढे जमेल तिथे सेवा रस्ता धरा.

दगडफूल

बरं, एक मधला प्रस्ताव. भोरला मुक्काम करताच आहात ना? मग दुसऱ्या दिवशी आंबवड्याच्या आधी रोहिडा करा. बाजारवाडीपर्यंत सायकल, तिथून तासाभराची चढण, मळलेली वाट. वरून रायरेश्वर आणि केंजळगड समोर दिसतात, म्हणजे ताईंची कारी-आंबवड्याची सगळी दुनिया एका नजरेत. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, त्यामुळे मांड्यांची सबबही चालणार नाही.

उतारचढाव

सायकली कुठे ठेवायच्या?

हिरडसमावळ

बाजारवाडीत कोणाच्याही पडवीत. विचारून ठेवा, कुलूप लावलंत तरी कोणी वाईट वाटून घेणार नाही. उतरल्यावर त्याच घरी चहा-नाश्ता सांगून जा, म्हणजे मी वर म्हटलं तो पैशाचा प्रश्नही थोडा सुटतो. फक्त रोहिडा आणि आंबवडे दोन्ही करून त्याच दिवशी पुणं गाठायचं म्हणाल तर जमणार नाही. रविवारी दुपारनंतर महाबळेश्वर-वाईची सगळी गर्दी सातारा रस्त्याला लागते. दोन्हीपैकी एक निवडा, आणि बाराच्या आत भोर सोडा.

उतारचढाव

मग आंबवडे. रोहिडा दगडफूलने करावा आणि इथे लिहावं. दोन्ही सहली एकाच शनिवारी काढू, भोरपर्यंत सोबत जाऊ. काकांची बॅटरी कोण वाहणार तेवढं ठरवा.

जुनाबाजार

बॅटरी सायकललाच असते, बाई. माझी डबी वाहा कोणीतरी.