फाटकावर कॅमेरा आधी की पांढरी रेघ आधी?

दांडा_खाली

रेल्वे फाटक पडलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. डावीकडे दहा-बारा गाड्यांची रांग लागते, मग मागून कोणीतरी उजव्या बाजूने सुसाट पुढे येऊन दांड्याला नाक लावतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. पलीकडेही तेच. फाटक उघडतं तेव्हा दोन्हीकडे रस्त्याची अख्खी रुंदी भरलेली असते आणि समोरासमोरच्या गाड्यांना सरकायला जागा नसते. काहींची शेपटं रुळांवरच राहतात. गेटमनला दांडा पाडता येत नाही आणि पुढची ट्रेन खोळंबते.

माझं म्हणणं एवढंच: वर्दळीच्या फाटकांवर दोन्ही बाजूंना कॅमेरे लावा आणि उलट्या बाजूला शिरणाऱ्याच्या मोबाइलवर ई-चलन जाऊ द्या. हवालदार उभा करून हे जमणार नाही. फाटक चोवीस तास वर-खाली होतं, हवालदाराची ड्यूटी संपते.

शिट्टी_६००

+१. थोडी भर घालतो, कारण 'दांडा पाडता येत नाही' याचा अर्थ बऱ्याच जणांना कळत नाही.

इंटरलॉक फाटकावर, म्हणजे जिथे दांडे आणि ट्रेनचा सिग्नल एकमेकांशी जखडलेले असतात तिथे, आधी दांडे खाली येतात, मग ते लॉक होतात, मग स्टेशनला मोकळीक मिळते आणि शेवटी ट्रेनला सिग्नल. हा क्रम उलटा होत नाही. म्हणजे दांड्याखाली एक रिक्षा अडकली की तिकडे भरलेली ट्रेन लाल सिग्नलला उभी. आणि 'सिग्नल लाल आहे, म्हणजे गाडी येतच नाही' हेही चूक आहे. फाटकाच्या सिग्नलवर पिवळ्या चकतीत काळं 'जी' अक्षर असेल, तर लोको पायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून, शिट्टी देत, जपून फाटकापर्यंत येऊ शकतो.

इंटरलॉक नसलेल्या फाटकाची गोष्ट वेगळी. तिथे सगळी भिस्त फोनवर आणि स्टेशन मास्तर व गेटमन एकमेकांना देतात त्या प्रायव्हेट नंबरवर, म्हणजे निरोप पोहोचल्याची खूण असलेल्या गुप्त आकड्यावर. रुळाकडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते, फाटकाच्या ६०० मीटर आधी. सी/फा म्हणजे सीटी-फाटक. ताशी १०० किमी वेगाची ट्रेन सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे शिट्टी सुरू झाल्यापासून फाटकात पोहोचायला २१-२२ सेकंद. आता उसाचा ट्रॅक्टर घ्या, मागे दोन ट्रॉल्या. एकूण लांबी १८ मीटर धरा, दोन दांड्यांमधलं अंतर २० मीटर. ताशी ५ किमीने हे ३८ मीटर पार करायला २७ सेकंद लागतात. शिट्टी ऐकून ठरवू म्हणणाऱ्याची मागची ट्रॉली रुळावरच राहणार.

पावती_नंतर

दोघांचंही निदान पटलं, औषध नाही. कॅमेरा लावायच्या आधी त्या रस्त्यावर चालकाला काय सांगितलं गेलंय ते बघा.

रस्त्यावरच्या चिन्हांची संहिता आहे, इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७. लाल किनारीच्या त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर पुढे गेटमन असलेलं फाटक. वाफेच्या इंजिनाचं चित्र असेल तर मानवरहित. सपाट भागात पहिली पाटी २०० मीटरवर, तिच्यासोबत दोन तिरक्या पट्ट्या. दुसरी ५० ते १०० मीटरवर, एक पट्टी. पट्ट्यांची ही भाषा किती जणांना शिकवली जाते? आणि कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर मोजायला निघा: दोनातली एक पाटी बाभळीत गेलेली, दुसरीच्या खांबाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. परावर्तक पत्रा उन्हाने पांढरा पडलेला, त्यामुळे रात्री हेडलाइटमध्ये त्रिकोण नुसता राखाडी दिसतो.

त्यात आणखी एक घोळ. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. कुठे गेटमन आला, कुठे खाली भुयारी मार्ग झाला. पण इंजिनवाल्या पाट्या काढायला कोणी फिरकलं नाही, अशा जागा आहेत. पाटी म्हणते मानवरहित, पुढे बघतो तर बोगदा. पाट्यांवरचा विश्वास असाच उडतो.

आणि थांबायचं कुठे? बहुतेक ठिकाणी थांबरेषाच पुसलेली. जी रेघ रस्त्यावर नाही ती ओलांडल्याचं चलन कसं फाडणार?

दांडा_खाली

पावती_नंतर, रेघ नाही म्हणून उजवीकडून घुसायचं हे कुठलं तर्कशास्त्र? समोर लाल-पांढरा दांडा आडवा दिसतो, मधोमध लाल चकती असते. एवढं बघूनही ज्याला कळत नाही त्याला पांढरी रेघ काय कळणार!

कलम_१६०

भावना बाजूला ठेवून कायद्याच्या हिशोबात बघू, कारण इथे दोन कायद्यांची सरमिसळ होतेय.

बंद फाटक परस्पर उघडणं हा रेल्वे कायदा १९८९, कलम १६० खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. फाटक तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. मानवरहित फाटक निष्काळजीपणे ओलांडलं तर कलम १६१, एक वर्षापर्यंत. रुळांवर बेकायदा शिरलं तर १४७, सहा महिने किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातलं काहीच ई-चलनाने होत नाही. तो रेल्वे सुरक्षा दल आणि रेल्वे न्यायालयाचा प्रांत आहे.

रांग मोडून उजवीकडे शिरणं मोटार वाहन कायद्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं, थांबा-चिन्ह न पाळणं आणि ठरलेल्या दिशेविरुद्ध चालवणं ही तिन्ही स्पष्ट लिहिली आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १००० ते ५००० रुपये, शिवाय सहा महिने ते वर्षभर कैदेची तरतूद.

आता कॅमेरा. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत नियम १६७अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कॅमेऱ्याने कोणते गुन्हे टिपायचे याची यादीच त्यात आहे. लाल दिवा, थांबा-चिन्ह, उलटी दिशा, बेकायदा ओव्हरटेक हे सगळं आहे. 'रेल्वे फाटक' हा शब्द नाही. म्हणजे नुसत्या दांड्यासमोर कॅमेरा लावून 'दांडा पडताना घुसला' असं चलन काढलं तर ते कशावर उभं करणार? दांड्याआधी रस्त्यासाठी लाल दिवा किंवा अष्टकोनी 'थांबा' पाटी हवी, मग ते यादीत बसतं. शिवाय यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायचं. आणि पुढे कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी ठळक जागी हवी.

तेव्हा पावती_नंतर यांचा मुद्दा निदान कागदावर तरी बरोबर आहे. रेघ आणि पाटी हा चलनाचा पाया आहे.

दांडा_खाली

लाल दिव्याचं मान्य. पण उलट्या दिशेला दिवा कशाला हवा? मधली रेषा ओलांडून रांगेच्या उजवीकडे उभी असलेली गाडी फोटोत दिसतेच की.

कलम_१६०

मधली रेषा फोटोत दिसली तर. पुन्हा रेषेवरच आलो.

टीव्हीयू_एक_लाख

तुम्ही सगळे आजार सोडून तापाला गोळ्या देताय. फाटक काढा, पूल बांधा.

चोवीस तासांतल्या ट्रेनची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची एककं म्हणजे टीव्हीयू. मोटार एक, बैलगाडीही एक, ऑटोरिक्षा अर्धं एकक. आकडा एक लाखावर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्याने वाटून घ्यायचा, हा जुना निकष. मध्य रेल्वेवर दिवा स्टेशनच्या फाटकाने लोकलचं वेळापत्रक किती वर्षं पिडलं ते मुंबईकरांना विचारा. तिथे कॅमेरा लावून काय साधणार? दर वेळी फाटक उघडायचं म्हणजे कुठली तरी लोकल थांबवायची, नाहीतर माणसं तिष्ठत ठेवायची.

आणि चालकच दोषी हे गृहीत धरू नका. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला ट्रेनने उडवलं. फाटकावर माणूस होता, इंटरलॉकिंग नव्हतं. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची अट २०,००० वरून १०,००० वर आणली, आणि फाटकांवर सीसीटीव्ही लावायचे आदेश दिले. तो कॅमेरा फाटकाच्या कारभारावर नजर ठेवायला आहे, चलन फाडायला नाही. हा फरक लक्षात घ्या.

शिट्टी_६००

कडलूरचा मुद्दा बिनतोड. पण पुलाबद्दल अंशतः असहमत. मोठ्या फाटकांना पूल मिळतील, लहान फाटकांच्या वाट्याला येतो तो कमी उंचीचा भुयारी मार्ग. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, पंप लागतो, आणि पंपाची वीज व देखभाल कोणाची यावर पत्रव्यवहार चालतो. उसाची उंच ट्रॉली किंवा कडब्याचा ट्रक त्यातून जात नाही, मग तो पाच-सात किलोमीटरचा वळसा घेतो. पूल होईपर्यंतची वर्षं फाटक चालवायचंच आहे.

आरसी_तपासा

कॅमेरे लागले तर चुकीची चलनंही येतील. त्यावर बोलू.

चलन आलं की आधी फोटो उघडा, रक्कम नंतर बघा. नंबरप्लेटचं वाचन यंत्र करतं; 'बी' आणि ८, 'डी' आणि ०, 'ओ' आणि ० यांत गल्लत होते. फोटोतल्या गाडीचा प्रकार आणि रंग आरसीशी ताडून बघा. मग तारीख, वेळ, ठिकाण, लावलेलं कलम. नियम १६७अ प्रमाणे सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची असते, सोबत प्लेट दिसणारा फोटो आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे.

फोटोत गाडी तुमचीच नसेल तर पोर्टलवर तक्रार करताना आरसीची प्रत आणि आपल्या गाडीचा मागून-पुढून फोटो जोडा. नुसतं 'मी तिथे नव्हतो' लिहून काही होत नाही. पैसे भरून मग तक्रार करू नका. भरलं म्हणजे गुन्हा मान्य केला असा अर्थ लागतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी विकलेल्या गाडीची. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ वर. कागद हस्तांतरित झाले नाहीत तर फाटकावरच्या नव्या मालकाची घाई जुन्याच्या नावावर पडते.

पावती_नंतर

आणि ट्रॉलीला मागे नंबरप्लेटच नसते, ते? फाटकावर सर्वांत मोठा खोळंबा तिचा, चलन मात्र प्लेट स्वच्छ ठेवणाऱ्या दुचाकीवाल्याला.

दांडा_खाली

एकाला पकडता येत नाही म्हणून कोणालाच पकडू नये?

पावती_नंतर

तसं नाही. पकडायची वेळच येऊ नये असं म्हणतोय. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ५०-६० मीटरचा दुभाजक टाका. उजवीकडे शिरायला जागाच उरली नाही तर कॅमेरा, प्लेट, चलन, तक्रार यातलं काहीच लागत नाही.

शिट्टी_६००

रुंदीचा हिशोब करा. दुपदरी रस्ता ७ मीटरचा. अर्ध्या मीटरचा दुभाजक गेला की प्रत्येक बाजूला ३.२५ मीटर. वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे ट्रक जाईल. पण फाटकं असलेले किती तरी रस्ते साडेपाच मीटरचे आहेत. तिथे उरतात अडीच मीटर. ट्रक अडकणार. ऊसतोडणी यंत्राचं तर नावच नको. आणि त्या पदरात एक ट्रॅक्टर बंद पडला तर मागची ॲम्ब्युलन्स हलणार नाही.

पावती_नंतर

मग सात मीटरवाल्या ठिकाणी काँक्रीटचा दुभाजक, साडेपाचवाल्या ठिकाणी रबराचे वाकणारे खांब. ॲम्ब्युलन्स त्यांवरून जाईल, गाडीचा बंपर जपणारा जाणार नाही.

कलम_१६०

कोणाकडे मागायचं तेही लिहून ठेवतो. रेल्वेच्या हद्दीतली पाटी, दांडा, थांबरेषा रेल्वेकडे. हद्दीबाहेरचे त्रिकोण, दुभाजक, गतिरोधक रस्ता ज्याचा त्याच्याकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. अर्जात 'आमच्या गावचं फाटक' लिहू नका. गेटमनच्या केबिनवर फाटकाचा क्रमांक असतो आणि जवळच्या खांबावर किलोमीटरचा आकडा. दोन्ही लिहा, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये तेही, सोबत दिवसाचा आणि रात्री हेडलाइटमध्ये काढलेला पाटीचा फोटो. एकच अर्ज दोन्ही कार्यालयांना, प्रत दुसऱ्याला असं नमूद करून. नाहीतर दोघंही 'आमच्या हद्दीत नाही' लिहून परत पाठवतात.

दांडा_खाली

ठीक. रेघ, 'थांबा' पाटी आणि जमेल तिथे खांब आधी. पण कॅमेऱ्याचा हट्ट सोडत नाही. रबराच्या खांबावरून बाइक सहज जाते, आणि दांड्याखालून वाकून जाणारा बाइकवालाच असतो.